पार्श्वभूमी: कल्याणची छावणी ते उल्हासनगरचा बाजार

नेसत्या कपड्यांनिशी आले आणि शून्यातून उभे राहिले, ही सिंधी निर्वासितांची गोष्ट मुंबईत सगळ्यांना तोंडपाठ आहे. खोटी नाही, पण अर्धीच आहे.

सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. कराचीच्या व्यापाऱ्याला मुंबई परकी नव्हती. फाळणीत पंजाब-बंगालसारखी सिंधची वाटणी झाली नाही, अख्खा प्रांत पाकिस्तानात गेला. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल उसळली आणि माणसांनी भरलेल्या बोटी मुंबईला लागू लागल्या. चेंबूर, मुलुंडला कॅम्प झाले. सायन-कोळीवाड्यात पंजाबी वस्ती वाढली. सगळ्यात मोठी सोय झाली कल्याणजवळच्या, महायुद्धाच्या काळातल्या लष्करी छावणीत. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते पायाभरणी होऊन तिचं उल्हासनगर झालं. रिक्षावाला आजही 'कॅम्प तीन की पाच?' असंच विचारतो.

एकेका लांबलचक बॅरेकमध्ये पडदे लावून कित्येक बिऱ्हाडं राहायची. बायका दारात पापड वाळत घालायच्या, मुलं लोकलच्या डब्यात गोळ्या-बिस्किटं विकायची. दुकान थाटणाऱ्यांची रीत एकच: नफा कमी ठेवा, माल पटापट हलवा. गिऱ्हाईक खूश, जुने दुकानदार अर्थातच नाराज.

आता उरलेली अर्धी गोष्ट. हैदराबाद-सिंधच्या 'सिंधवर्की' (मुळात सिंधी कारागिरीचा माल विकणाऱ्या) व्यापाऱ्यांच्या पेढ्या एकोणिसाव्या शतकापासून जपान, सिंगापूर, माल्टापर्यंत होत्या. सिंधमधल्या शिकारपूरचे सराफ मुंबईत हुंडीचा, म्हणजे चिठ्ठीवर पैसे उधार देण्याचा, धंदा फाळणीआधीपासून करत होते. बाजार त्यांना 'मुलतानी' म्हणायचा. घरदार मागे राहिलं, पण पत, ओळखी आणि हिशेबाची सवय बरोबर आली. हे भांडवल कस्टमवाल्याला दिसत नाही. अर्थात ते सगळ्यांपाशी नव्हतं. बॅरेकमधल्या बहुतेकांना सरकारी छप्पर आणि स्वतःचे हात एवढाच आधार होता. दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या तरच हिशेब जुळतो.

शिक्षणातही तेच. कराचीहून आलेल्या प्राध्यापकांनी १९४८ मध्ये जयहिंद कॉलेज सुरू केलं. हैदराबाद-सिंधचं नॅशनल कॉलेज १९४९ मध्ये वांद्र्यात पुन्हा उभं राहिलं, तर चर्चगेटचं के. सी. १९५४ चं. या कॉलेजांतून मराठी, गुजराती, दक्षिणी मुलं पिढ्यान्‌पिढ्या शिकून नोकरीला लागली. शहराच्या कमाईत निर्वासितांचा वाटा मोजताना हे कुणी धरतच नाही.

उल्हासनगरात पुढे फर्निचर, कपडा, जीन्सची शिलाई वाढली. डोंबिवली-बदलापूरच्या मराठी घरात लग्न ठरलं की कपाट-पलंगासाठी फेरी तिकडेच. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद नक्कल मालावरून पडला. सिंधी दुकानदारच तो हसत सांगतात. जीन्स धुण्याच्या कारखान्यांचं रंगीत पाणी वालधुनी नदीत गेलं, त्यावर मात्र हसण्यासारखं काही नाही.

जागेचा घोळही छावणीपासूनचाच. बॅरेकला खोली जोडली, खोलीवर मजला चढला, मजल्यांच्या इमारती झाल्या, कागद मागेच राहिले. शेवटी २००६ मध्ये केवळ उल्हासनगरची अनधिकृत बांधकामं दंड भरून नियमित करण्यासाठी राज्याला वेगळा कायदा करावा लागला.