दोन खुर्च्या मांडण्याआधी

स्टेजवर दोन खुर्च्या, मध्ये टीपॉय, त्यावर पाण्याचे ग्लास. पहिला प्रश्न ठरलेला: "लहानपणी घरचं वातावरण कसं होतं?" प्रकट मुलाखतीचा हा थाट आपल्या इतका अंगवळणी पडलाय, की मोठ्या माणसाला त्याच्या आयुष्याबद्दल विचारायचं ते असंच, असं वाटतं. २०१८ साली पुण्यात राज ठाकरे शरद पवारांना प्रश्न विचारायला बसले, तेव्हा उत्तरांइतकीच चर्चा विचारणाऱ्याचीही झाली. त्यात गैर काही नव्हतं. समोर कोण बसलंय, यावर माणूस काय बोलणार हे बरंचसं ठरतं. जग बदलायला निघालेल्या माणसांच्या मुलाखतींचा जुना इतिहास पाहिला की हे फार ठळकपणे दिसतं. त्यातल्या कित्येक मुलाखती तुरुंगात किंवा लपूनछपून झाल्या.

वर्तमानपत्री मुलाखत हा प्रकारच तसा नवा. १३ जुलै १८५९ रोजी 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'चे संपादक होरेस ग्रीली यांनी सॉल्ट लेक सिटीत तेव्हा बहुपत्नीत्व मानणाऱ्या मॉर्मन पंथाचे प्रमुख ब्रिगहॅम यंग यांना गाठलं, सुमारे दोन तास प्रश्न विचारले आणि पुढच्या महिन्यात ते प्रश्नोत्तरांच्या रूपातच छापले. हल्लीच्या अर्थाने मुलाखत म्हणता येईल अशा पहिल्या काही मजकुरांत याची गणना होते. ग्रीलींनी गुलामगिरीबद्दल विचारलं आणि बायका किती, हेही विचारलं. यंग यांनी पंधरा असा आकडा सांगून टाकला. धर्मगुरूच्या घरात डोकावण्याची ही हौस तेव्हापासूनची आहे.

आपल्याकडची मोठी गोष्ट येरवड्याची. मे १९३० मध्ये दांडीजवळच्या कराडीहून गांधींना मध्यरात्री उचललं आणि येरवडा तुरुंगात आणून ठेवलं. कलम लावलं १८२७ सालच्या मुंबई इलाख्याच्या पंचविसाव्या रेग्युलेशनचं, म्हणजे खटल्याची भानगडच नाही. खटला नाही म्हणजे कोर्टातलं भाषणही नाही. १९२२ साली अहमदाबादेत न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यासमोर गांधी जे बोलले ते जगभर गेलं होतं. सरकारला त्याची पुनरावृत्ती नको असणार, हे उघड आहे.

आणि तरी पंधरा दिवसांतच 'डेली हेरल्ड'चा बातमीदार जॉर्ज स्लोकोंब तुरुंगात गांधींसमोर बसला होता. 'हेरल्ड' हे मजूर पक्षाचं पत्र, आणि लंडनमध्ये तेव्हा सरकारही मजूर पक्षाचंच. गांधींनी त्याच्यापाशी अटी सांगितल्या. गोलमेज परिषदेत स्वातंत्र्याचा गाभा देणारी घटना बनवण्याचा विषय असावा, मिठावरचा कर, दारू आणि परदेशी कापड या मागण्या मान्य व्हाव्यात, सत्याग्रही कैदी सुटावेत, मग कायदेभंग थांबवता येईल. बाहेर लाठ्या चालू असताना आतून आलेली ही भाषा चकित करणारी होती. त्यानंतर तेजबहादुर सप्रू आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकर मध्यस्थीला उतरले. (पुणे विद्यापीठाच्या ग्रंथालयाला नाव आहे ते याच जयकरांचं, ते विद्यापीठाचे पहिले कुलगुरू.) ऑगस्टमध्ये मोतीलाल आणि जवाहरलाल नेहरूंना नैनी तुरुंगातून खास गाडीने येरवड्याला आणलं. बोलणी फिसकटली. पण कैद्याशी बोलता येतं, बोलावंच लागतं, हे त्या काही महिन्यांत ठरून गेलं. पुढच्या मार्चमध्ये गांधी-आयर्विन करार झाला, त्याची वाट इथून जाते असं मला वाटतं.

करारानंतर काही आठवड्यांनी गुजरातेतल्या बोरसदला अमेरिकन बोलपटवाले आवाज टिपणारा कॅमेरा घेऊन आले. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी मरायची तयारी आहे का, असं त्यांनी विचारलं. गांधी म्हणाले, हा प्रश्न वाईट आहे. एवढंच. मला हे उत्तर फार आवडतं. पाहुण्याने प्रश्नच नाकारणं हल्लीच्या गुळगुळीत मुलाखतींत जवळजवळ बंद झालंय.

येरवड्याचीच आणखी एक बाजू १९५५ साली पुढे आली. गांधींबद्दलच्या आठवणी जमवायला बीबीसीचे फ्रान्सिस वॉटसन दिल्लीत डॉ. आंबेडकरांच्या अलिपूर रोडवरच्या घरी गेले. २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार गांधींच्या येरवड्यातल्या ज्या उपोषणामुळे झाला, त्याला तेवीस वर्षं होत आली होती. आठवणींच्या कार्यक्रमात लोक साधारणपणे हार घालतात. बाबासाहेबांनी गांधींना महात्मा म्हणायला चक्क नकार दिला. आपण त्यांना कायम प्रतिपक्ष म्हणून भेटलो, म्हणून भक्तांना न दिसलेला आतला माणूस आपल्याला दिसला, असा त्यांचा मुद्दा. पटो न पटो, पण चरित्र लिहिणाऱ्याने विरोधकाकडेही जावं, याचा याहून चांगला दाखला मिळणं कठीण. ते ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. आवाज थकलेला आहे, वाक्यं मात्र एकही ढिली नाही.

पाश्चात्त्य टीव्हीचा भाग थोडक्यात उरकतो. १९५९ पासून बीबीसीवर जॉन फ्रीमन पाहुण्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखून आणि स्वतः पाठमोरे राहून लोकांना त्यांच्या बालपणाबद्दल, भीतीबद्दल विचारू लागले. १९६१ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्यासमोर बसले. आयुष्य विचारायचं, धोरण नव्हे, ही रीत तिथे पक्की झाली. हेच फ्रीमन पुढे ब्रिटनचे भारतातले उच्चायुक्त होते. सत्तरच्या दशकात इटालियन पत्रकार ओरियाना फालाची आल्या त्या थेट भांडायलाच. त्यांच्याशी झालेलं संभाषण ही पत्रकारांशी झालेली आपली सर्वांत घातक भेट, असं अमेरिकन मुत्सद्दी हेन्री किसिंजर यांनी नंतर लिहून ठेवलं.

ज्या १९६१ साली किंग लंडनच्या स्टुडिओत बसले, त्याच वर्षी मे महिन्यात जोहान्सबर्गमधल्या एका घरात ब्रिटनच्या आयटीएन या टीव्ही वृत्तसंस्थेचे ब्रायन विडलेक एका दाढीवाल्या भूमिगत वकिलाला भेटले. नेल्सन मंडेलांची ही अगदी सुरुवातीची टीव्ही मुलाखत. देशद्रोहाच्या खटल्यातून मार्चमध्ये सुटका झाल्यापासून ते भूमिगत होते. मेअखेरच्या हरताळाची तयारी चालली होती. आवाज संथ, कोर्टात बोलावं तसा. शेवटाकडे ते म्हणतात की नि:शस्त्र लोकांवर हल्ले हेच ज्या सरकारचं उत्तर आहे, त्याच्याशी शांततेच्या गोष्टी करणं व्यर्थ आहे असं आता पुष्कळांना वाटतं. त्या वर्षअखेरीस त्यांच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसची सशस्त्र शाखा 'उम्खोंटो वी सिझ्वे'ने पहिले स्फोट घडवले. ही फिल्म आज पाहताना अंगावर काटा येतो, कारण पुढे सत्तावीस वर्षांहून अधिक काळ या माणसाचं बोलणं छापायलाही त्याच्या देशात बंदी होती.

मग प्रश्न कोण विचारणार? रॉबेन बेटावरच्या तुरुंगात ते काम सोबतच्या कैद्यांनीच केलं. मंडेलांच्या साठाव्या वाढदिवसाला आत्मचरित्र बाहेर यावं, ही अहमद कथराडा आणि वॉल्टर सिसुलू यांची कल्पना. मंडेला बरं नसल्याचं सांगून खाणीवर जाणं टाळू लागले. रात्री लिहायचं, दिवसा झोपायचं. लिहिलेली पानं कथराडांकडे जात, तिथून सिसुलूंकडे, आणि दोघं समासात शेरे मारत: हे असं नव्हतं, अमुक राहिलं. आणखी एक सोबती लालू चिबा फुलस्केपची दहा पानं मुंगीएवढ्या अक्षरात चिटोऱ्यावर उतरवत. १९७६ मध्ये त्यांच्यातलेच मॅक महाराज सुटले तेव्हा ती नक्कल वह्यांच्या बांधणीत लपवून बाहेर गेली. (कथराडा, चिबा, महाराज ही तिन्ही घराणी मुळात भारतातली, हेही ध्यानात असू द्या.)

मूळ पाचशे पानं त्यांनी कोकोच्या डब्यांत भरून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून अंगणात पुरली होती. काही दिवसांनी तुरुंगाने नेमकी तिथेच भिंत बांधायला काढली. कुदळीचे घाव ऐकून हे लोक धावले, दोन लहान पुरचुंड्या त्यांनी काढल्याही, पण मोठी सापडली. हस्ताक्षर मंडेलांचं, शेरे इतर दोघांचे. तिघांचीही अभ्यासाची सवलत चार वर्षं बंद झाली.

नव्वदनंतर हेच काम उजळ माथ्याने सुरू झालं. अमेरिकन पत्रकार रिचर्ड स्टेंगल यांनी मंडेलांशी कित्येक तास बोलून ते टेपवर घेतलं, आणि आत्मचरित्र १९९४ मध्ये निघालं. त्याच्या मसुद्यावरून हात फिरवताना आणखी एका माणसाने टेप लावून मंडेलांसमोर बैठक मारली. तारखा जुळवल्या, नावं विचारली, जुन्या गोष्टींवर दोघं हसले. तो माणूस म्हणजे समासात शेरे मारणारे कथराडा.