‘आहे ते ठीकच आहे’ हे मोजायचं कसं?

व्यवस्थेचा लाभ ज्यांना मिळतो त्यांना ती न्याय्य वाटते, यात नवल नाही. अभ्यासकांना कोड्यात टाकलं ते तळाच्या लोकांनी. त्यांच्यातलेही अनेक जण विषमतेची पाठराखण करतात, ती का? मार्क्सवादी परंपरेने याला ‘खोटी जाणीव’ असं नाव देऊन ठेवलं होतं. पण नाव दिलं म्हणजे मोजलं असं होत नाही.

मोजण्याच्या दिशेने पहिलं ठोस पाऊल मेल्विन लर्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने टाकलं. एरवी सहृदय असलेली माणसं मनोरुग्णांची टवाळी करतात, गरिबांना आळशी ठरवतात, हे त्यांनी पाहिलं होतं. १९६६ साली कॅरोलिन सिमन्स यांच्याबरोबर प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात त्यांनी विद्यार्थिनींना पडद्यावर एक तरुणी दाखवली. उत्तर चुकलं की तिला विजेचा झटका बसतो, असा देखावा होता. प्रत्यक्षात ती अभिनय करत होती. तिचा छळ थांबवून तिला मोबदला मिळवून देता येईल, असं ज्यांना सांगितलं त्यांचं तिच्याबद्दलचं मत बिघडलं नाही. छळ पुढेही चालूच राहणार असं ज्यांना वाटलं, त्यांना मात्र ती कमी आवडली. सगळ्यांत वाईट मत झालं ते ती इतरांसाठी त्रास सोसतेय असं समजल्यावर! अन्याय थांबवता येत नसेल, तर निदान तो अन्याय नाही अशी मनाची समजूत घालायची. ‘करावे तसे भरावे’ हे आपल्याकडे म्हण म्हणून चालतं. लर्नर यांनी त्यामागची गरज प्रयोगशाळेत पकडली.

त्यानंतर झिक रुबिन आणि अ‍ॅन पेप्लॉ या मानसशास्त्रज्ञांनी, जग न्यायी आहे या विश्वासाची प्रश्नावली तयार केली. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेत सक्तीच्या लष्करभरतीसाठी जन्मतारखांची सोडत निघे. त्यांनी ती ऐकणाऱ्या तरुणांचाच अभ्यास केला. बहुतेकांना दुर्दैवी ठरलेल्यांची कणव आली, पण ‘जग न्यायी आहे’ असं ठामपणे मानणाऱ्यांचा कल त्यांनाच नावं ठेवण्याकडे होता. चिठ्ठी निघण्यात कुणाचा काय दोष असणार?

१९९४ हे वर्ष या विषयात महत्त्वाचं. येल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन जॉस्ट आणि मूळच्या सिकंदराबादच्या महझरीन बानाजी यांनी व्यवस्था-समर्थनाचा सिद्धांत मांडला: माणूस स्वतःची आणि आपल्या गटाची बाजू घेतो तशीच, कधी स्वतःचं नुकसान सोसूनही, व्यवस्थेची बाजू घेतो. त्याच वर्षी फेलिशिया प्राटो, जिम सिडॅनियस आणि सहकाऱ्यांनी वेगळी मोजपट्टी आणली. काही गटांनी वर आणि काहींनी खाली असावं, हे कुणाला किती पटतं, ते ती मोजते.

आज व्यवस्था-समर्थनासाठी सर्रास वापरली जाते ती एरन के आणि जॉस्ट यांची २००३ची आठ विधानांची यादी. समाज साधारणपणे न्याय्य आहे, लोकांना लायकीप्रमाणे मिळतं, अशी ती विधानं. त्याच लेखातला प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. ‘गरीब पण सुखी’ माणसाचं वर्णन वाचलेल्यांना समाज जास्त न्याय्य वाटला, ‘गरीब आणि दुःखी’ वाचलेल्यांना कमी.

तळाच्या लोकांचं काय, हा वाद मात्र मिटलेला नाही. जॉस्ट आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये अमेरिकी सर्वेक्षणांतून दाखवलं की कष्टांना प्रोत्साहन मिळायचं तर पगारांत मोठी तफावत हवी, असं कमी उत्पन्नाच्या लोकांना जास्त वाटतं. दहा वर्षांनी मार्क ब्रँट यांनी ६५ देशांतल्या दीड लाखाहून अधिक लोकांची उत्तरं तपासली. तसा सातत्याचा कल दिसला नाही.

मला यात एक उणीव दिसते. ‘समाज न्याय्य आहे का?’ असं विचारताना समाज म्हणजे वर आणि खाली असे दोनच थर धरले जातात. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण करता न आलेल्या १९३६च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातीची उतरंड वेगळी समजावली होती. प्रत्येक जातीला आपल्याखाली कुणीतरी आहे याचा अभिमान आणि दिलासा असतो. अशा माणसाचं ‘हो’ हे संपूर्ण रचनेला असतं की फक्त आपल्याखालच्या पायरीला, ते आठ विधानांतून कळत नाही. सिडॅनियस यांचा सहभाग असलेल्या २०१४च्या अभ्यासाने जातव्यवस्थेच्या समर्थनाबरोबर कर्मावरचा विश्वासही मोजला. हा विश्वास भारतात विषमतेला मान्यता मिळवून देण्याचं काम करतो, असं त्यात आढळलं.