झेब्रा माशातील दुर्मीळ रंगप्रकार

झेब्रा मासा, शास्त्रीय नाव डॅनिओ रेरिओ, हा गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतील ओढे, तळी व भातखाचरांच्या उथळ, संथ पाण्यात थव्याने राहणारा मासा आहे. त्याची लांबी जेमतेम ३ ते ४ सेंमी. भरते. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेतील माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले. त्यांचा नमुना उत्तर बिहारमधील कोसी नदीचा होता. शोभिवंत माशांच्या दुकानांत मिळणाऱ्या सर्वांत स्वस्त माशांपैकी हा एक. त्याच्या अंगावर डोक्यामागून शेपटीच्या टोकापर्यंत निळसर-काळे आणि सोनेरी पट्टे आलटून पालटून असतात. या ठरीव नक्षीपासून ढळलेले मासे म्हणजे रंगप्रकार. ठिपक्यांचा, सोनेरी, पांढरा आणि जवळजवळ पारदर्शक हे त्यांतले प्रमुख होत.

नक्षी तीन प्रकारच्या रंगपेशींपासून बनते : मेलॅनिन असलेल्या काळ्या, पिवळ्या-नारिंगी आणि प्रकाश परावर्तित करणाऱ्या चमकत्या पेशी. पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हा प्रौढ माशाची ही नक्षी नसते. ती पुढच्या काही आठवड्यांत घडते. पट्ट्यांचा तयार आराखडा जनुकांत रेखाटलेला नसतो. निरनिराळ्या रंगपेशी एकमेकींना ढकलतात, ओढतात, जगवतात किंवा मारतात आणि या झटापटीतून पट्टे उभे राहतात. जपानमधील शिगेरू कोंडो यांच्या गटाने लेसरने त्वचेच्या एका भागातील रंगपेशी नष्ट करून पाहिल्या. तिथे पट्टे पुन्हा आले, पण जुन्या दिशेला बांधील न राहता वेडेवाकडे. म्हणून दुर्मीळ रंगात एखादे नवे रंगद्रव्य सापडेल अशी अपेक्षा ठेवू नये. बहुतेक वेळा या यंत्रणेतील एक कडी निकामी झालेली असते, आणि कोणती कडी तुटली यावर मासा कसा दिसेल ते ठरते. पिवळ्या पेशीच न बनणाऱ्या ‘पँथर’ या प्रकारात पिवळा रंग तर जातोच, शिवाय काळे पट्टेही विस्कटतात.

बाजारात सर्वांत जास्त दिसणारा प्रकार म्हणजे लेपर्ड डॅनियो. याच्या अंगावर पट्ट्यांऐवजी ठिपके असतात. हेरमान माइनकेन यांनी १९६३ मध्ये या माशाला ब्रॅकिडॅनिओ फ्रँकेई असे नाव देऊन स्वतंत्र जाती म्हणून नोंदवले. मात्र झेब्रा माशाशी त्याचा संकर सहज होत होता आणि संततीही प्रजननक्षम निघत होती. पुढे उलगडा झाला की ही वेगळी जाती नसून एका जनुकातील बिघाड आहे. शेजारच्या पेशींना जोडणारी सूक्ष्म दारे ज्या प्रथिनाची बनतात, त्या कॉनेक्सिन प्रथिनाचे हे जनुक. पेशींमधला संवाद बिघडला की पट्टा तुटून ठिपके होतात. बाह्य रूपावरून जाती ठरवण्याच्या पद्धतीला हा मासा चांगलाच भोवला.

सोनेरी प्रकाराची कथा मत्स्यालयापासून बरीच दूर जाते. यात काळे पट्टे फिके, तपकिरी पडतात. पूर्ण विवर्ण (अल्बिनो) माशासारखे मेलॅनिन नाहीसे होत नाही. काळ्या पेशी असतात, पण त्यांतील मेलॅनिनच्या कणिका कमी, लहान आणि विरळ असतात. अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी हा रंग खूण म्हणून वापरला. सोनेरी मादीच्या अंड्यांना त्यांनी साध्या नराचे, पण अतिनील किरणांनी जनुकीय द्रव्य निकामी केलेले शुक्राणू दिले. पिल्लू गडद निघाले तर पित्याचा वाटा उरला. सोनेरी निघाले तर ते केवळ आईचे. या मार्गाने केलेल्या क्लोन माशांचे संशोधन १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि झेब्रा मासा प्रयोगशाळेत स्थिरावला.

सोनेरी रंगामागचे एसएलसी२४ए५ हे जनुक २००५ मध्ये ओळखले गेले. त्याचे मानवी रूप सोनेरी माशाच्या भ्रूणात घातल्यावर गडद रंग परतला. याच जनुकातील एका बदलाचा माणसाच्या उजळ कातडीशी संबंध आहे. युरोपीय लोकांत तो जवळजवळ सर्वांत आढळतो. भारतातही तो मोठ्या प्रमाणावर, पण समाजागणिक कमीजास्त आहे, असे हैदराबादच्या सीसीएमबी (पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्र) या संस्थेतील संशोधकांचा सहभाग असलेल्या २०१३ मधील अभ्यासाने दाखवले.

‘कॅस्पर’ हा पारदर्शक प्रकार मात्र निसर्गाची देणगी नव्हे. काळ्या पेशी नसलेला ‘नाक्रे’ आणि चमकत्या पेशी नसलेला ‘रॉय ऑर्बिसन’ यांच्या संकरातून तो बोस्टनमधील शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये तयार केला. (रॉय ऑर्बिसन या काळ्या चष्म्याच्या गायकाचे नाव माशाला मिळाले, कारण त्या माशाचे डोळे पूर्ण काळे दिसतात.) जिवंत प्रौढ माशाच्या अंगात कर्करोगाच्या पेशी कशा पसरतात, हे त्यात बाहेरून पाहता येते.

झगझगीत लाल, हिरवे, नारिंगी झेब्रा मासे या यादीत धरू नयेत. सिंगापूरमध्ये जेलीफिशसारख्या समुद्री जीवांची प्रकाशमान प्रथिने बनवणारी जनुके घालून असे मासे तयार झाले आणि २००३ च्या अखेरीस ते ग्लोफिश नावाने अमेरिकेत विक्रीला आले. त्यांचा रंग पिल्लांत उतरतो. ब्राझीलमध्ये मत्स्यशेतीतून निसटलेले असे मासे तिथल्या ओढ्यांत प्रजनन करताना आढळले आहेत. सुईने रंग टोचलेले मासे ही तिसरीच गोष्ट, आणि निव्वळ क्रूर. तो रंग काही काळाने उडतो व पिल्लांत येत नाही.

मूळ पाण्यात हे प्रकार विरळा असतात, त्याचे कारण साधे आहे. बहुतेक बिघाड अप्रभावी असल्याने एकच सदोष प्रत असलेला मासा पट्टेदारच दिसतो. असे दोन वाहक एकत्र आले तर सरासरी चौथा हिस्सा पिल्ले वेगळ्या रंगाची निघतात, आणि थव्यात उठून दिसणारा फिका मासा खंड्या किंवा मरळ यांच्या नजरेत आधी भरतो. टाकीत ही भीती नसल्याने तोच रंग पिढ्यान् पिढ्या जपता येतो. लेपर्ड आणि साध्या झेब्र्याची जोडी लावली तर पहिल्या पिढीत एकही ठिपकेदार पिल्लू निघत नाही आणि हौशी पालक निराश होतात. ठिपके दुसऱ्या पिढीत येतात. मात्र अंडी वाचवावी लागतात, कारण आईबापच ती खातात. त्यासाठी तळाशी गोट्या पसरतात, म्हणजे अंडी त्यांच्या फटींत पडून वाचतात.

दुकानातून आणलेला फिका मासा दरवेळी दुर्मीळ नसतो. पांढऱ्या तळाच्या टाकीत काळ्या पेशींतील मेलॅनिन मध्याशी गोळा होते आणि मासा उजळ दिसतो. गडद तळावर ते पसरते. पिवळा रंग खाद्यातील कॅरोटिनॉइड या पिवळ्या-नारिंगी रंगद्रव्यांवरही अवलंबून असतो. अशा माशाला जास्त किंमत मागितली, तर तो गडद तळाच्या टाकीत काही दिवस ठेवून पाहावा.