वेण्णेवर बर्फ पडत नाही

डिसेंबर लागला की ती बातमी येतेच. 'महाबळेश्वर गोठले!' सोबत वेण्णा तलावाच्या जेटीवरचा पांढरा थर आणि गाडीच्या टपावरून खरवडून ओंजळीत धरलेला बर्फाचा चुरा. दोन ओळी खाली मात्र लिहिलेलं असतं, किमान तापमान ८ अंश. शाळेत तर शिकलो, पाणी शून्याला गोठतं. मग खोटं कोण बोलतंय, फोटो की तापमापक?

कुणीच नाही. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, छपराखाली असतो. त्याला विचारलेलं असतं हवेचं तापमान, आणि तो तेच सांगतो. जेटीची फळी म्हणजे हवा नव्हे.

हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण पटलं ते गेल्या जानेवारीत. धुक्यातल्या नावांचा फोटो काढायचा म्हणून पहाटे पाचलाच काठावर जाऊन बसलो. उजाडायला वेळ होता, तेवढ्यात तारे टिपू म्हणून ट्रायपॉडवर कॅमेरा लावला आणि लेन्स वर आभाळाकडे वळवली. अर्ध्या तासानं बघतो तर फोटोत नुसता दुधी गोळा. काचेवर दव! रुमालानं पुसलं, पाच मिनिटांत परत जैसे थे. पाच पावलांवर जांभळाखाली ठेवलेली बॅग मात्र खडखडीत कोरडी. हवा तीच, वेळ तीच. फरक एवढाच की लेन्सला आभाळ दिसत होतं आणि बॅगेला दिसत नव्हतं.

आपण 'दव पडतं' म्हणतो, पण ते वरून पडत नाही. ते जागच्या जागी जमतं. लंडनच्या विल्यम चार्ल्स वेल्स या डॉक्टरनं १८१४ साली हे नीट सिद्ध केलं. रात्री बागेत एक फळी आडवी ठेवायची, लोकरीचा एक पुंजका तिच्यावर, एक तिच्याखाली. सकाळी दोन्हींचं वजन करायचं. उघड्यावरचा पुंजका भिजून जड झालेला असे, खालचा त्या मानानं खूपच कमी. वेल्सनं आपल्याकडच्या बर्फाचाही दाखला घेतला होता. १७७५ साली रॉबर्ट बार्कर या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं अलाहाबादला बर्फ कसा करत याचं वर्णन लिहून ठेवलंय: खड्ड्यात उसाची चिपाडं अंथरायची, त्यांवर मातीच्या उथळ ताटल्यांत पाणी ठेवायचं आणि पहाटे बर्फ गोळा करायचा. तोही हवा शून्याच्या वर असताना.

आता थोडं गणित. कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद गाळा, मी रागावणार नाही.

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण, बाहेर टाकत असते. ५ अंशांवरची फळी दर चौरस मीटरमागे सुमारे ३४० वॅट ऊर्जा फेकते. आभाळही किरण परत पाठवतं, पण हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड सगळ्या तरंगलांबींवर सारखे काम करत नाहीत. ८ ते १३ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात हवा जवळजवळ पारदर्शक असते. त्या उघड्या खिडकीतून उष्णता थेट अवकाशात निघून जाते. कोरड्या, निरभ्र रात्री परत मिळतात समजा २६० वॅट. म्हणजे ८० वॅटची तूट. ती भरून निघायची तर वारा हवा, म्हणजे फळीला नवी, उबदार हवा घासत राहील. नाहीतर खालून जमिनीची ऊब हवी. पडलेल्या वाऱ्यात पहिली नाही, आणि अधांतरी जेटीला दुसरीही नाही. गाडीच्या टपाचंही तसंच, पातळ पत्रा आणि खाली पोकळी. म्हणून हवा दोन-तीन अंशांवर असतानाही टप शून्याखाली उतरतो आणि हवेतली वाफ त्यावर बर्फाच्या सुया होऊन बसते.

राहिला प्रश्न वेधशाळेतले ८ अंश आणि तलावाकाठचे २ अंश यांतल्या फरकाचा. गार हवा जड असते, ती रात्रभर उतारावरून घरंगळत सखल जागी साचते आणि तलाव तर सखल भागातच असणार. ढग आले की खेळ खलास. ढगाचा तळ भरपूर अवरक्त किरण परत पाठवतो आणि ती खिडकीच बंद होते. 'आभाळ आलं, थंडी गेली' हे आपल्याकडे कुणाला वेगळं शिकवावं लागत नाही.

जाता जाता: कोजागरीचं दूध चांदण्यात ठेवल्यानं औषधी होतं, दमा बरा होतो, असे संदेश दरवर्षी फिरतात. दूध गार होतं ते उघड्या आभाळाखाली. चंद्राचा त्यात काडीचा हात नाही, अमावास्येलाही तेवढंच होईल. दमेकऱ्यानं मध्यरात्री गच्चीवर बसावं, हा सल्ला तर उलटाच.

साडेसहाला झुंजुमुंजू झालं आणि ज्यासाठी आलो होतो ते सुरू झालं. पाण्यावरून धुक्याच्या झिरमिळ्या उठू लागल्या. तलावाचं पाणी रात्रीत फारसं निवत नाही. वरचा थर गार झाला की जड होऊन बुडतो, खालचं कोमट पाणी वर येतं. समजा पाण्यालगतची हवा १६ अंशांची आणि वाफेनं भरलेली आहे, म्हणजे घनमीटरमागे १३.६ ग्रॅम वाफ. वरची ४ अंशांची, तीही भरलेली, ६.४ ग्रॅम. निम्मी-निम्मी मिसळली तर १० अंश आणि १० ग्रॅम. पण १० अंशांच्या हवेत मावते ९.४. उरलेल्या ०.६ ग्रॅमचं धुकं! दोन्हीकडच्या हवेत धुकं नव्हतं, ते भेटीत झालं.

कॅमेऱ्याला हे धुकं कळत नाही. त्याचा मीटर प्रत्येक दृश्य मध्यम करडं धरून चालतो, म्हणून पांढरं धुकं राखेसारखं येतं. एक्स्पोजर एका स्टॉपनं वाढवा, म्हणजे प्रकाश दुप्पट घ्या. ऑटोफोकस धुक्यात चाचपडतो, तेव्हा नावेच्या काठावर हातानं फोकस करा. लेन्सला हूड लावा, तेवढंच आभाळ कमी दिसतं. आणि सूर्य दिसला म्हणून लगेच आवरू नका. कोवळं ऊन सुरुवातीला ती ८० वॅटची तूटही भरू शकत नाही, त्यामुळे सगळ्यात कडक गारठा बहुधा उगवतीनंतरच्या काही मिनिटांत असतो.

माझे नावांचे फोटो बेताचेच आले. धुकं विरल्यावर निघालो, तर काठच्या गवतावर ऊन उतरलं होतं. जिथं ऊन पोचलं तिथलं हिम वितळून गवत हिरवं झालेलं, आणि एका झाडाच्या लांब सावलीत मात्र ते अजून तसंच. जमिनीवर अख्खं झाड, फांद्यांसकट, पांढऱ्या रंगात. बॅगेतून कॅमेरा काढेपर्यंत त्याचा शेंडा पुसला गेला होता.