सिमेंटचे शिंतोडे की क्षारांचा थर?

जलतरण तलावाच्या टाइलवर करडे-पांढरे, खडबडीत डाग दिसले की बहुतेकांचा हात आधी अ‍ॅसिडच्या बाटलीकडे जातो. कधी डाग काही मिनिटांत विरघळतो. कधी मात्र तो जागचा हलत नाही आणि सांध्यांमधलं ग्राउट तेवढं खाल्लं जातं. अ‍ॅसिड दोन्ही वेळा तेच असतं. फरक डागात असतो, आणि तो घासायच्या आधी ओळखायचा असतो.

क्षारांचा थर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. ते पाण्यातूनच येतं. पाण्याचा पीएच (आम्ल-अल्क पातळी) ७.८ च्या वर राहिला, कॅल्शियम कठीणता, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियमचं प्रमाण, ४०० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ४०० भागांपेक्षा) जास्त झाली आणि वरून ऊन लागून पाणी उडत राहिलं, की विरघळलेला चुना टाइलवर बसायला लागतो. म्हणून हा थर पाण्याच्या पातळीला धरून आडव्या पट्ट्यासारखा दिसतो.

सिमेंटच्या शिंतोड्याची गोष्ट वेगळी. आपण त्याला ‘वाळलेलं सिमेंट’ म्हणतो आणि तिथेच चूक होते. सिमेंट वाळून कडक होत नाही, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन कडक होतं. पाण्याखालीसुद्धा ते तितकंच घट्ट होतं. त्यामुळे पाणी भरून ठेवल्यावर शिंतोडे आपोआप मऊ पडतील ही आशा सोडून द्या. या क्रियेत कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट नावाचा चिवट पदार्थ तयार होतो आणि तोच वाळूचे कण एकमेकांना व टाइलला चिकटवून धरतो. अ‍ॅसिड या बांधणीला बाहेरून हळूहळू पोखरतं, पण वाळूला काहीच करत नाही. जाड थेंब नुसत्या अ‍ॅसिडने काढायचा म्हटलं तर थेंब संपण्याआधी शेजारचं ग्राउट संपतं, कारण नेहमीचं ग्राउटही सिमेंटचंच असतं.

ओळखायचं कसं? आधी जागा बघा. शिंतोडे पातळीची रेषा पाळत नाहीत. जिथे माल ओतला किंवा गिलावा झाला, तिथून ते वेडेवाकडे उडालेले असतात. मग भिंगातून बघा. थेंबाच्या कडेला वाळूचे कण दिसले तर प्रश्न मिटला. अ‍ॅसिडचा थेंब टाकून बुडबुडे बघण्याच्या चाचणीवर मात्र माझा पूर्ण भरवसा नाही. कॅल्शियम कार्बोनेट जोरात फसफसतं हे खरं, पण जुन्या सिमेंटचा वरचा पापुद्राही हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कार्बोनेट झालेला असतो, म्हणून तोही थोडा फसफसतो. उलट कधीकधी क्षारांचा थर कॅल्शियम सिलिकेटचा असतो, आणि तो जवळजवळ फसफसत नाही. खरा फरक नंतर कळतो: कार्बोनेटचा थर विरघळून जातो, सिमेंटचे कण मागे उरतात.

क्षार असतील तर सौम्य अ‍ॅसिड चालतं. पण पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ मध्ये आणला नाही तर थर पुन्हा येणार. शिंतोडा एकदा निघाला की परत येत नाही. तिथे सगळी मेहनत खालचा पृष्ठभाग वाचवण्यात आहे.

चकचकीत सिरॅमिक टाइलवर खरवडायची पातळ पट्टी जवळजवळ आडवी धरून थेंब बाजूने उडवावा. उरलेल्या धूसर पापुद्र्यापुरतंच सौम्य अ‍ॅसिड वापरावं. त्याआधी ग्राउट पाण्याने चिंब करावं, म्हणजे ते अ‍ॅसिड पिणार नाही. काचेच्या मोझॅकवर जास्त जपावं लागतं. कठीणपणाच्या १ ते १० या मोह्स मापावर वाळूतल्या क्वार्ट्झचा कठीणपणा ७, काचेचा साधारण ५.५, सुटलेला कण घासणीखाली आला की ओरखडा पडलाच. म्हणून सतत पाणी सोडत काम करावं. व्हिनाइल आणि फायबरग्लासला धातूची पट्टी लावूच नये. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं थेंबावर ठेवून मग प्लास्टिकच्या पट्टीने हलकेच उचलावा. स्टीलच्या शिडीला हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड लावू नका, त्यातल्या क्लोराइडने स्टेनलेस स्टीललाही खड्डे पडतात. तारेच्या घासणीचे तुटलेले तुकडे गंजून नवे डाग देतात, तेव्हा तीही नको.

सर्वांत अवघड आहे प्लास्टरचा तलाव. ते प्लास्टर बहुधा पांढरं सिमेंट आणि संगमरवराच्या भुकटीचं असतं. डाग आणि भिंत एकाच आईची लेकरं. अ‍ॅसिडला त्यांच्यात फरक करता येत नाही, उलट भिंतीतला संगमरवर ते आधी खातं. इथे पाण्याची पातळी उतरवून थेंब पट्टीने उडवायचा आणि ओल्या सिलिकॉन कार्बाइड कागदाने (एक प्रकारचा पॉलिश पेपर) घासायचं. शेवटचा पातळ पापुद्रा राहिला तर राहू द्यावा असं मी ठामपणे सांगेन. तो काढण्याच्या हट्टापायी भिंतीत खळगा पडतो आणि तो डागापेक्षा जास्त दिसतो.

अ‍ॅसिड वापरायचंच असेल तर नेहमी पाण्यात अ‍ॅसिड ओतायचं, अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीच नाही. हातमोजे, चष्मा, मोकळी हवा हवीच. क्लोरीनची पावडर जवळपासही नको, कारण दोन्ही एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

खरवडलेला चुरा तळाशी सोडू नका. सिमेंट अल्कधर्मी असल्याने तो पाण्याचा पीएच चढवतो. फिल्टरमधून न फिरवता तो थेट बाहेर ओढून टाकावा आणि मगच पाण्याची चाचणी घ्यावी.