म्हैसूरचा दसरा: तयारी श्रावणात, गणपतीनंतर नको

म्हैसूरच्या दसऱ्याची चौकशी आमच्याकडे सगळ्यात जास्त होते ती अनंत चतुर्दशीनंतर. गणपती गेले, आता दसऱ्याला कुठे जायचे, हा विषय घरोघरी तेव्हाच निघतो. पण तोवर सोयीच्या गाड्यांचे बुकिंग होऊन महिना उलटलेला असतो आणि राजवाड्याच्या आसपासच्या बऱ्या खोल्याही गेलेल्या असतात. म्हणून हे पत्रक आम्ही आषाढातच आपल्या हाती देत आहोत.

आधी दिवस ठरवा

तिकीट आणि हॉटेल नंतर. आधी घरात बसून एवढेच ठरवा, की हत्तीची मिरवणूक पाहायचीच आहे, की रोषणाईचे म्हैसूर पाहायचे आहे? या दोन अगदी वेगळ्या सहली आहेत.

मिरवणूक, म्हणजे जंबू सवारी, विजयादशमीला दुपारी निघते. चामुंडेश्वरीची मूर्ती सुमारे ७५० किलो वजनाच्या सुवर्ण अंबारीत बसवतात. राजवाड्याच्या आवारात तिच्यावर पुष्पवृष्टी होते आणि मग हत्ती सयाजीराव रस्त्याने बन्नीमंटप मैदानाकडे निघतात. अंतर पाचेक किलोमीटर. पूर्वी ही अंबारी अर्जुन हत्ती वाहायचा, २०२० पासून हा मान अभिमन्यूकडे आला. सोहळा देखणा आहे, वाद नाही. पण पास नसेल तर रस्त्याच्या कडेला सकाळपासून जागा धरून बसावे लागते. एकदा उठलात की जागा गेली. ऊन, धक्काबुक्की, स्वच्छतागृहाची पंचाईत आणि रात्री परतताना वाहन मिळेलच असे नाही. आजी-आजोबा किंवा लहान मूल बरोबर असेल तर आम्ही हा दिवस सुचवत नाही. यात आमचे गिऱ्हाईक कमी होते, तरी नाही.

आमचा सल्ला असा: घटस्थापना घरी करा, दुसऱ्या-तिसऱ्या माळेला निघा आणि सप्तमी-अष्टमीच्या आत परत फिरा. राजवाड्याची रोषणाई नवरात्रात रोज संध्याकाळी असते (एरवी फक्त रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी). सातच्या सुमारास जवळजवळ एक लाख दिवे एकदम लागतात. तोवर करड्या दगडाचा वाटणारा राजवाडा कमानी, घुमट, सज्जे यांच्या नुसत्या सोनेरी रेषांचा होतो आणि आवारातल्या सगळ्या माणसांच्या तोंडून एकच 'आहा' निघतो. त्याच आवारात शास्त्रीय संगीताच्या मैफली होतात. मुख्य रस्त्यांवर दिव्यांच्या कमानी असतात, फुलांचे प्रदर्शन असते, खाद्यमेळा असतो. राजघराण्याचे सुवर्णसिंहासन एरवी सुटे करून ठेवलेले असते, ते नवरात्रासाठी जोडतात. हत्तींची हौस असेल तर दसऱ्याआधीच्या आठवड्यांत त्यांची तालीम चालते. वजनाची सवय व्हावी म्हणून पाठीवर वाळूची पोती लादून त्यांना मिरवणुकीच्याच रस्त्याने नेतात. मुलांना ही तालीम मिरवणुकीपेक्षा जास्त जवळून दिसते.

तारखा कॅलेंडरवरून पक्क्या करा, 'दहा दिवस' धरून चालू नका. २०२५ मध्ये तिथी वाढल्यामुळे म्हैसूरचा दसरा २२ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर असा अकरा दिवसांचा होता.

रेल्वेचे गणित

रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी, सकाळी ८ वाजता उघडते. प्रवासाचा दिवस त्यात धरत नाहीत. म्हणजे २० ऑक्टोबरच्या गाडीचे बुकिंग २१ ऑगस्टला. चांद्र महिन्यांनी मोजले तर हे साधारण दोन महिने होतात. दसऱ्याच्या दिवशीच्या गाडीचे तिकीट नागपंचमीनंतर चार-पाच दिवसांनी उघडते आणि नवरात्राच्या सुरुवातीचे श्रावण लागता लागता.

परतीचे तिकीट त्याच दिवशी काढता येत नाही. आपण पाच दिवसांनी परतणार असाल तर तेही पाच दिवसांनीच उघडेल. जायचे कन्फर्म आणि यायचे वेटिंग, हा घोळ बहुतेक वेळा इथेच होतो. विजयादशमीच्या दुसऱ्या दिवशी अख्खे गाव परत निघते, तो दिवस टाळता आला तर टाळा.

पंढरपूर-सोलापूरकडून म्हैसूरला गोलघुमट एक्स्प्रेस थेट जाते. दादरहून शरावती एक्स्प्रेस आहे, पण ती रोज नाही. थेट गाडी मिळाली नाही तर नाराज होऊ नका. मुंबई, पुणे, सोलापूरकरांनी उद्यान एक्स्प्रेसने बेंगळुरू गाठावे. तिथून म्हैसूर जेमतेम १४० किलोमीटर आहे, दिवसभर गाड्या आणि बस असतात.

ऑनलाइन काढलेले तिकीट चार्ट (प्रवाशांची अंतिम यादी) लागल्यावरही पूर्ण वेटिंगच राहिले तर ते आपोआप रद्द होते, ते घेऊन डब्यात चढता येत नाही. आरएसी (बसायला जागा नक्की, बर्थ मोकळा झाला तरच) असेल तर चढता येते. घरातल्या एकाचे येणे रद्द झाले तर त्याच्या कन्फर्म तिकिटावर आई-वडील, भावंडे, पती-पत्नी किंवा मुले यांच्यापैकी कोणाचे नाव घालता येते. त्यासाठी गाडी सुटण्याच्या २४ तास आधी आरक्षण केंद्रावर अर्ज द्यावा लागतो. शेजारी किंवा मित्र यात बसत नाही.

मुक्काम

संध्याकाळी राजवाड्याभोवतीचे रस्ते वाहनांना बंद किंवा एकेरी करतात. त्यामुळे लांबचे, स्वस्त, पोहण्याचा तलाव असलेले हॉटेल घेतले तर रोज रात्री रिक्षा शोधत फिरावे लागते. रेल्वे स्टेशन ते राजवाडा या पट्ट्यातली साधी पण स्वच्छ खोली आम्हाला जास्त पसंत आहे. रोषणाई पाहून चालत परत येता येते. खोली घेताना रद्द करण्याची अट लेखी मागा, सणाच्या दिवसांत ती बऱ्याचदा वेगळी असते.

पासबद्दल थोडे स्पष्ट

मिरवणुकीचे आणि त्याच रात्री बन्नीमंटपात होणाऱ्या मशाल संचलनाचे पास प्रशासनाकडून अधिकृत संकेतस्थळावर, दसरा अगदी तोंडावर आल्यावर निघतात आणि लगेच संपतात. कोणी श्रावणातच पासची हमी देऊन पैसे मागत असेल तर देऊ नका. आम्हीही हमी देत नाही. विक्री सुरू झाली की आपल्यासाठी प्रयत्न करतो. मिळाला तर छापील किंमत घेतो, नाही मिळाला तर काहीच घेत नाही.

आणखी दोन-चार गोष्टी. राजवाड्यात चप्पल-बूट बाहेर काढावे लागतात, मोजे जवळ ठेवा. तिथल्या पूजाविधींमुळे काही दिवशी आतला भाग पर्यटकांसाठी बंद असतो, म्हणून राजवाडा पहिल्याच सकाळी उरका. प्राणिसंग्रहालय मंगळवारी बंद असते. चामुंडी टेकडीच्या हजारेक पायऱ्या चढण्यापेक्षा गाडीने वर जाऊन वाटेतल्या दगडी नंदीपर्यंत उतरत यावे, गुडघे मात्र धड हवेत. ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी सर येते. गर्दीत छत्रीपेक्षा रेनकोट बरा.

आमच्याकडून जायचे असेल तर आषाढ संपण्याआधी प्रवाशांची नावे, वये, ओळखपत्राच्या प्रती आणि जाण्या-येण्याच्या पसंतीच्या दोन-दोन तारखा द्या. एकच तारीख दिलीत आणि ती गाडी भरली, तर पुन्हा आपल्याला विचारून दुसरी काढेपर्यंत तीही भरते. ज्येष्ठांना खालचा बर्थ हवा असल्यास तसे फॉर्मवर लिहा, फोनवर सांगितलेले गडबडीत राहून जाते.