बाका समाज: 'आदिवासी' की 'भूमिपुत्र'?

कॅमेरूनच्या आग्नेय भागातील, तसेच गॅबन आणि काँगो प्रजासत्ताक यांच्या उत्तरेकडील जंगलांत बाका लोक राहतात. त्यांची भाषा उबांगी समूहातील आहे, तर पूर्वेकडच्या आका लोकांची बांटू. तरीही मध, शिकार आणि रानवनस्पती यांविषयीचे कितीतरी शब्द दोन्हींत सारखे आढळतात. त्यावरून दोघांचे पूर्वज एकच असावेत, असे अनुमान काढले गेले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅमेरूनमध्ये सरकारी धोरणामुळे बाका वस्त्या रस्त्यांच्या कडेला आल्या. बायका डहाळ्या वाकवून, त्यांवर पाने अंथरून 'मोंगुलू' नावाच्या झोपड्या बांधत. त्यांच्या शेजारी आता मातीची घरे उभी राहिली. ज्या जमिनीवर या वस्त्या वसल्या, ती मात्र शेजारच्या बांटूभाषक शेतकऱ्यांच्या गावांची मानली गेली. १९७४ च्या जमीनविषयक अध्यादेशाने हा तिढा पक्का केला, कारण वहिवाट सिद्ध करायला जमीन कसल्याची खूण दाखवावी लागते, आणि मध काढणारा किंवा रानकंद खणणारा माणूस अशी कोणती खूण मागे ठेवणार?

खरा गुंता १९९६ च्या राज्यघटनेतील एका शब्दाचा आहे. तिच्या प्रास्ताविकेत अल्पसंख्याकांबरोबर 'ओतोक्तोन' लोकसमूहांच्या हक्कांचे रक्षण करण्याची हमी आहे. या फ्रेंच शब्दाला मराठीत एक प्रतिशब्द पुरत नाही. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या भाषेत त्याचा अर्थ आपल्या 'आदिवासी' या शब्दाच्या जवळ जातो. कॅमेरूनच्या राजकारणात मात्र तो 'भूमिपुत्र' या अर्थाने वापरला जातो, म्हणजे बाहेरून आलेल्यांच्या तुलनेत आधीपासून असलेला स्थानिक, मग तो संख्येने आणि सत्तेने कितीही प्रबळ असो. त्याच राज्यघटनेनुसार प्रादेशिक परिषदेचा अध्यक्ष त्या प्रदेशातील 'ओतोक्तोन' असावा लागतो, आणि तिथे हा दुसराच अर्थ अभिप्रेत आहे. ज्यांच्यापासून बाकांना संरक्षण हवे, तेही त्याच शब्दाचे हक्कदार ठरतात. ही संदिग्धता केवळ अनवधानाने राहिली, असे मानणे कठीण आहे.

शेजारच्या काँगो प्रजासत्ताकाने २०११ मध्ये स्थानिक आदिवासींच्या हक्कांसाठी स्वतंत्र कायदा करून, बाकांसारख्या वननिवासी समूहांना लावला जाणारा 'पिग्मी' हा शब्द अपमानास्पद ठरवला आणि त्याच्या वापरावर बंदी घातली. (आपल्याकडे दैनिक बचतीमुळे घरोघरी परिचित असलेला हा शब्द तिथे शिवीसारखा लागतो.) कॅमेरूनमध्ये असा कायदा झाला नाही.

दरम्यान तिथे राष्ट्रीय उद्याने आली: २००१ मध्ये लोबेके, २००५ मध्ये बुंबा-बेक आणि न्की. पिढ्यान्‌पिढ्या ज्या वाटांनी बाका कुटुंबे दीर्घ शिकारयात्रांना निघत, त्या वाटा उद्यानांच्या हद्दीत गेल्या आणि शिकारीला चोरट्या शिकारीचे नाव मिळाले. वनरक्षकांकडून मारहाण होत असल्याच्या तक्रारी वाढल्यानंतर, २०१९ मध्ये सरकार आणि बाकांच्या एका संघटनेत या उद्यानांतील प्रवेशाबाबत करार झाला. तो जंगलात जाण्यायेण्यापुरता आहे. जमिनीच्या मालकीचा प्रश्न १९७४ च्या अध्यादेशापाशीच थांबलेला आहे.